न पुसता बदलणे : अपरिवर्तनीय चिन्हरचनेचा इतिहास

#धागा #संगणकाचा_इतिहास

१/ हस्तलिखित सातबारा ज्यांनी निरखून पाहिला असेल, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. जमिनीचा मालक बदलला की जुन्या खातेदाराचे नाव पुसून टाकीत नसत. त्या नावाला कंस करीत, नवे नाव लिहीत आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक टाकीत. जुने नाव वाचता येईल असेच राहत असे.

२/ या फेरफाराला महसुली इंग्रजीत ‘म्युटेशन’ म्हणतात. संगणकशास्त्रातही हाच शब्द रूढ आहे, पण अर्थ जवळजवळ उलटा. तेथे म्युटेशन म्हणजे मेमरीतील जुनी किंमत घालवून त्याच जागी नवी लिहिणे. मागे खूण उरत नाही. फेरफार नोंदवहीतील ही शिस्त संगणकाच्या जगाला स्वतःच्या वाटेने कशी सापडली, त्याचा हा इतिहास.

३/ मूळ प्रश्न असा. संगणकात संख्या साठवणे सोपे. पण ‘क्ष गुणिले (य अधिक ३)’ ही राशी कशी साठवावी? तिची किंमत आपल्याला नको आहे, क्ष आणि य अज्ञातच आहेत. राशी हीच एक वस्तू म्हणून हवी आहे. तिला उलगडता यावे, तिच्यावर नियम लावता यावेत. वाक्य, भूमितीतील सिद्धता, कायद्याचे कलम या सर्वांबाबत हाच प्रश्न उभा राहतो.

४/ १९५० च्या दशकातील यंत्रांना हा प्रश्न परका होता. मेमरी म्हणजे क्रमांक घातलेल्या कोठ्यांची रांग. कोठ्यात संख्या ठेवायची, काम झाले की त्यावरच दुसरी लिहायची. आयबीएम ७०४ या त्या काळच्या मोठ्या यंत्राची मेमरी जास्तीत जास्त ३२,७६८ शब्दांची. इतक्या तुटपुंज्या जागेत जुने जपून ठेवणे ही चैनच होती.

५/ म्हणून ‘क्ष = क्ष + १’ असे लिहिणे प्रोग्रामरांच्या हाताला सवयीचे झाले. फळ्यावर हे विधान उघड असत्य आहे. यंत्रावर मात्र ती आज्ञा आहे : क्ष नावाच्या कोठ्यातील संख्या घे, एक मिळव, तेथेच परत ठेव. नाव वस्तूचे राहिले नाही. ते जागेचे झाले. पुढच्या अनेक गोंधळांचे मूळ येथे आहे.

६/ त्याचे एक नमुनेदार उदाहरण फोर्ट्रान भाषेच्या सुरुवातीच्या काही आवृत्त्यांत आढळते. उपप्रोग्रामला ‘२’ हा स्थिरांक दिला, तर प्रत्यक्षात २ जेथे साठवला आहे त्या कोठ्याचा पत्ता दिला जाई. उपप्रोग्रामने त्यात ३ लिहिले, की त्यानंतर प्रोग्राममध्ये जेथे जेथे त्या कोठ्यातील ‘२’ वापरला जाई, तेथे तेथे ३ मिळे.

७/ यावर हसू येते, पण दोष गंभीर होता. चिन्हाचा अर्थ वाचणाऱ्याच्या पाठीमागे बदलला होता. प्रोग्रामच्या मजकुरात अक्षरही न बदलता त्याचा आशय बदलला होता. ज्या चिन्हावर विसंबता येत नाही, त्याला चिन्ह तरी कसे म्हणावे?

८/ चिन्हांनी विचार करणारे यंत्र घडवण्याचा पहिला ठळक प्रयत्न १९५५–५६ मध्ये ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन यांनी केला. त्यांच्या ‘लॉजिक थिअरिस्ट’ या प्रोग्रामने ‘प्रिन्किपिया मॅथेमॅटिका’ या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणातील पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ सिद्ध केली.

९/ त्यासाठी त्यांनी याद्यांवर चालणारी आयपीएल ही भाषा रचली. प्रत्येक कोठ्यात एक चिन्ह आणि पुढच्या कोठ्याचा पत्ता. कोठे मेमरीत कोठेही विखुरलेले असोत, पत्त्यांचा दोरा त्यांना ओवून ठेवी. यादी किती लांब होणार हे आधी ठाऊक असण्याची गरज उरली नाही.

१०/ पण एक अडचण राहिली. काम संपलेली यादी मोडून तिचे कोठे मोकळे करण्याची जबाबदारी प्रोग्रामरवर होती. एकच उपयादी दोन ठिकाणी वापरली असेल, तर? एकाने ती मोडली की दुसऱ्याच्या हाती रिकामा पत्ता. भीती टाळण्यासाठी सगळ्याची प्रत काढावी, तर मेमरी पुरेना.

११/ १९५८ चा उन्हाळा. नॅथॅनिएल रॉचेस्टर यांच्या निमंत्रणावरून जॉन मॅकार्थी आयबीएममध्ये आले होते. अभ्यासासाठी त्यांनी एक नमुना-प्रश्न निवडला : बीजगणितीय राशींचे विकलन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढणे. बारावीचा विद्यार्थी कागदावर जे करतो, तेच यंत्राकडून चिन्हरूपात करवून घ्यायचे.

१२/ गुणाकाराचा नियम आठवा. ‘अ गुणिले ब’चे विकलन म्हणजे अ गुणिले (ब चे विकलन), अधिक ब गुणिले (अ चे विकलन). उत्तरात काय दिसते? अ आणि ब या मूळ राशी जशाच्या तशा पुन्हा आल्या आहेत. त्या कदाचित पानभर लांबीच्या असतील.

१३/ आता त्यांची नवी प्रत काढावी की जुन्यांकडेच बोट दाखवावे? बोट दाखवणे केव्हाही स्वस्त. पण त्याला एकच अट आहे : अ आणि ब पुढे कोणीही बदलणार नाही याची खात्री. या धाग्याचे मर्म या एका अटीत आहे. जे बदलत नाही, तेच निर्धास्तपणे वाटून घेता येते.

१४/ मॅकार्थी त्या वर्षी एमआयटीत गेले आणि तेथे लिस्प भाषा आकाराला आली. तिचा पायाचा दगड फार लहान होता. ७०४ चा शब्द ३६ बिटांचा. त्यात १५–१५ बिटांचे दोन भाग, ‘ॲड्रेस’ आणि ‘डिक्रिमेंट’. प्रत्येकात एक पत्ता मावे. दोन पत्त्यांची ही जोडी म्हणजेच लिस्पची घडणीची वीट.

१५/ जोडी बनवणारी क्रिया ‘कॉन्स’. पहिला भाग काढणारी ‘कार’, दुसरा काढणारी ‘कुडर’. या दोन विचित्र नावांचे मूळ ७०४ च्या त्याच दोन भागांच्या नावांत आहे. यंत्र केव्हाच भंगारात गेले. नावे अजून वापरात आहेत.

१६/ या विटांनी आपली राशी अशी बांधली जाते : (गुणिले क्ष (अधिक य ३)). कंसात पहिल्या जागी वस्तूचा प्रकार, पुढे तिचे घटक. घटक पुन्हा अशाच वस्तू. आणि ‘क्ष’ हे चिन्ह? ते मेमरीत एकदाच असते. दोन ठिकाणी क्ष दिसला, तर दोन्हीकडे त्याच एका जागेचा पत्ता असतो.

१७/ येथे एक सुंदर गुणधर्म आपोआप मिळतो. जोडी बनवताना तिचे दोन्ही घटक आधीच अस्तित्वात असावे लागतात. आणि बनल्यावर ती बदलायची नसेल, तर नवी वस्तू फक्त जुनीकडे बोट दाखवू शकते; जुनी नवीकडे कधीच नाही. रचनेत चक्र निर्माण होऊ शकत नाही. मुलाला वडील असतात, पण मूल स्वतःच्याच आजोबांचे वडील होत नाही, तसे.

१८/ मोडण्याचा प्रश्न मात्र शिल्लक होता. विकलनाची व्याख्या फळ्यावर चार ओळींची. तिच्या मधोमध ‘आता हा कोठा मोकळा कर’ अशा सूचना घुसडणे मॅकार्थींना पटेना. त्यांनी ते काम यंत्रावरच सोपवले. मेमरी संपत आली की यंत्राने स्वतः पाहावे : ज्या कोठ्यांपर्यंत कोणत्याही मार्गाने पोहोचता येत नाही, ते परत घ्यावेत. यालाच पुढे ‘गार्बेज कलेक्शन’ म्हटले जाऊ लागले.

१९/ या कचरावेचकाच्या पहिल्या जाहीर दर्शनाची हकिकत मॅकार्थींनी स्वतः लिहून ठेवली आहे. एमआयटीत उद्योगजगतातील पाहुण्यांसमोर लिस्पचे प्रात्यक्षिक होते. पाहुणे चौथ्या मजल्यावर टीव्हीसमोर, मॅकार्थी पहिल्या मजल्यावर यंत्रापाशी मायक्रोफोन घेऊन. सारे सुरळीत, जरा संथ.

२०/ अचानक टंकयंत्र खडखडू लागले : कचरावेचकाला पाचारण करण्यात आले आहे, काही रंजक आकडेवारी पुढीलप्रमाणे. सेकंदाला दहा अक्षरे या वेगाने पानभर मजकूर! रंगीत तालमीत वापरलेली मेमरी ताजी करायची राहून गेली होती, म्हणून ऐन वेळी जागा संपली. कचरावेचकाविषयी पाहुण्यांना कोणी काही सांगितलेलेच नव्हते. उरलेली वेळ हशातच गेली.

२१/ एप्रिल १९६० मध्ये मॅकार्थींचा लिस्पवरील निबंध प्रसिद्ध झाला. त्यात लिस्पचा प्रोग्रामही लिस्पच्याच यादीच्या रूपात मांडता येतो हे दाखवले होते. मॅकार्थींच्या दृष्टीने ती कागदावरची व्याख्या होती. स्टीव्ह रसेल यांनी ती सरळ ७०४ च्या यंत्रभाषेत उतरवली आणि यंत्र प्रोग्रामला चिन्हरूपात वाचू लागले.

२२/ त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरा उपाय सुचवला. प्रत्येक कोठ्याकडे किती जण बोट दाखवतात, याची मोजणी ठेवावी. शून्य झाली की कोठा मोकळा. १९६३ मध्ये हॅरॉल्ड मॅकबेथ यांनी त्यातील उणीव दाखवली : चक्राकार रचनेत मोजणी कधीच शून्यावर येत नाही. ज्या रचनेत चक्रच होत नाही, तिला मात्र ही उणीव बाधत नाही. सतराव्या मुद्द्यातील गुणधर्म येथे कामी येतो.

२३/ मात्र लिस्प स्वतः या व्रताला पूर्णपणे जागली नाही. तयार जोडीचा पहिला किंवा दुसरा पत्ता जागेवरच बदलणाऱ्या क्रिया तिच्यात लवकरच आल्या. वेगाचा मोह मोठा होता. त्यामुळे ‘वाटून घेतलेले बदलू नये’ ही प्रोग्रामरांमधील रीत राहिली, भाषेचा नियम झाला नाही. आणि रीत घाईच्या वेळीच मोडते.

२४/ दरम्यान एक वेगळा धागा सोव्हिएत संघात सुरू झाला होता. सूत्रांतून यंत्रभाषेतील आज्ञा तयार करताना सारखे भाग दोनदा मोजले जाऊ नयेत, म्हणून आंद्रेई येर्शोव यांनी १९५८ च्या निबंधात एक युक्ती दिली. उपराशीवरूनच तिची जागा ठरवायची. तेथे ती आधीच असेल तर तीच वापरायची, नसेल तर नवी नोंद करायची.

२५/ १९७४ मध्ये टोकियो विद्यापीठातील एइइची गोतो यांनी हीच कल्पना लिस्पच्या जोड्यांना लावली. समान आशयाची एकच प्रत साऱ्या मेमरीत ठेवायची. मग पानभर लांबीच्या दोन राशी सारख्या आहेत का, हे पाहण्यास दोन पत्त्यांची एकच तुलना पुरते. या पद्धतीला आज ‘हॅश कॉन्सिंग’ म्हणतात.

२६/ येथे अपरिवर्तनीयता ऐच्छिक राहत नाही. ‘य अधिक ३’ची एकच प्रत शंभर राशींत वापरली असेल आणि कोणी तीत ३ च्या जागी ४ लिहिले, तर नव्याण्णव निरपराध राशी बिघडतील. फोर्ट्रानमधील ‘२’ची तीच गोष्ट, शंभरपट मोठी. चिन्हात्मक बीजगणिताची आजची सिम्पाय ही पायथन लायब्ररीही राशीला प्रकार व घटक यांच्या रूपातच ठेवते, आणि एकदा बनलेली राशी बदलू देत नाही.

२७/ आक्षेप रास्त होता : हे सारे महाग नाही का? यादीच्या तोंडाशी नवी जोडी लावणे स्वस्त. पण दहा लाख नोंदींच्या मधली एकच नोंद बदलायची, तर काय सगळ्यांची प्रत काढायची? उत्तर ‘नाही’ असे आहे. नोंदी झाडाच्या रूपात ठेवल्या, तर बदललेल्या पानापासून मुळापर्यंतच्या वाटेवरील गाठी तेवढ्या नव्या कराव्या लागतात. बाकी झाड जुन्याशी सामाईक राहते.

२८/ जुनी आवृत्ती शाबूत ठेवून नवी कशी घडवावी, याची पद्धतशीर मांडणी ड्रिस्कॉल, सार्नाक, स्लेटर आणि टार्जन यांनी १९८० च्या दशकात केली. ख्रिस ओकासाकी यांच्या १९९६ च्या प्रबंधाने आणि १९९८ च्या ग्रंथाने दाखवले, की रांग, ढीग यांसारख्या नेहमीच्या रचना न पुसताही कार्यक्षम ठेवता येतात.

२९/ २००० च्या सुमारास फिल बॅगवेल यांनी प्रत्येक गाठीला ३२ फांद्या फुटू शकतील असे रुंद, बुटके झाड आखले. रिच हिकी यांनी २००७ मध्ये आणलेल्या क्लोजर भाषेत त्याला न बदलणारे रूप दिले. ३२ चा चौथा घात १०,४८,५७६. म्हणजे दहा लाखांहून अधिक नोंदींत एक बदल करायला चारच गाठी नव्या लागतात. महाग म्हणून नाकारलेली गोष्ट परवडणारी झाली.

३०/ काळही अनुकूल होता. एकाच चिपवर अनेक कोअर आले आणि अनेक प्रवाह एकाच वेळी एकच वस्तू वाचू लागले. बदलती वस्तू असेल तर कुलपे लावा, पाळी ठरवा, अर्धवट बदललेले काही हाती येऊ नये म्हणून जागता पहारा ठेवा. न बदलणारी वस्तू कितीही जणांनी एकदम वाचावी. तिला पहाऱ्याची गरजच नाही.

३१/ याच सुमारास, एप्रिल २००५ मध्ये, लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट लिहिले. त्यात प्रत्येक फाइलचे नाव तिच्या आशयावरूनच ठरते : ४० अक्षरांचा एक ठसा. आशय सारखा तर ठसा सारखा, म्हणून प्रत एकच. नवी नोंद आधीच्या नोंदीचा ठसा बाळगते. येर्शोव–गोतो यांची कल्पना मेमरीतून डिस्कवर आणि तेथून जगभर गेली.

३२/ याची किंमतही सांगितली पाहिजे. जे पुसले जात नाही, ते नको असतानाही राहते. गिटमध्ये चुकून पासवर्ड नोंदवला आणि पुढच्या नोंदीत काढून टाकला, तरी तो इतिहासात शोधणाऱ्याला सापडतो. तेव्हा काय जपावे आणि काय मुळात लिहूच नये, हा विवेक रचना आपल्याला देत नाही. तो आपणच आणायचा.

३३/ अशी रचना स्वतः घडवू पाहणाऱ्यांसाठी या इतिहासाचे सार चार नियमांत : वस्तू म्हणजे प्रकार आणि घटक, दुसरे काही नाही. घटक वस्तू घडतानाच ठरतात, नंतर बदलत नाहीत. दोन वस्तूंचा प्रकार व घटक सारखे, तर त्या समान. बदल हवा असेल, तर जुन्या घटकांच्या आधारे नवी वस्तू घडवा.

३४/ आणि ‘आजचा मालक कोण’ या प्रश्नाचे काय? तो प्रश्न वेगळा ठेवायचा. वस्तू बदलत नाही. सध्या कोणती वस्तू लागू आहे, हे दाखवणारे एकच बोट सरकते. हिकी यांनी ओळख आणि स्थिती यांत केलेला भेद हाच. क्ष चा अर्थ बदलू शकतो, पण ‘२’ कधीही ३ होत नाही.

३५/ पुन्हा सातबाऱ्याकडे येऊ. कंसातले जुने नाव कशासाठी असते? उद्या वाद उद्भवला, तर ‘पूर्वी येथे काय होते’ याला उत्तर मिळावे म्हणून. खोडलेल्या कागदावर विश्वास कोण ठेवील? बदल होणारच, तो कसा नोंदवायचा, एवढेच आपल्या हाती असते. मेमरी अपुरी होती तोवर यंत्रे पुसत राहिली. जागा झाली, तेव्हा त्यांनीही फेरफार लिहायला सुरुवात केली.

(समाप्त) काही चूक आढळल्यास अवश्य कळवावे. दुरुस्ती मूळ मजकूर न पुसता खाली जोडली जाईल.